नववा महिना, गणपती आणि "झाली का सुटका?"

माझी धाकटी मावसबहीण पुण्यात बाणेरला असते, तिला ३६वा आठवडा लागलाय आणि रोज रात्री अकरानंतर तिचे व्हॉइस नोट सुरू होतात. ताई पोट कडक होतंय हे नॉर्मल आहे का, ताई सासूबाई म्हणतात रोज वाटीभर तूप पी, ताई बॅगेत नक्की काय भरू. तुकड्यातुकड्यात उत्तरं देण्यापेक्षा म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं, म्हणजे तिच्यासारख्या अजून कोणी असतील त्यांनाही वाचता येईल. मी डॉक्टर नाही, पण माझी लेक झाली तेव्हा शेवटचा महिना ऐन गणपतीत आला होता आणि आमच्या डॉक्टर मॅडम भरपूर बोलणाऱ्या होत्या, त्यामुळे विचारून विचारून बरंच कळलं.

सगळ्यात आधी ते ड्यू डेटचं भूत डोक्यातून काढ. ही तारीख निघते कशी, तर शेवटच्या पाळीचा पहिला दिवस धरायचा आणि त्यात २८० दिवस मिळवायचे, म्हणजे नऊ महिने आणि वर सात दिवस. आता हा हिशोब पाळी बरोब्बर २८ दिवसांनी येते असं धरून केलेला असतो, ज्यांची ३५ दिवसांनी येते त्यांचं गणित तिथेच हुकतं. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांतल्या सोनोग्राफीत जी तारीख देतात ती जास्त भरवशाची, नंतरच्या सोनोग्राफीत तारीख मागेपुढे दिसली तरी ती बदलायची नसते, कारण तेव्हा बाळाची साइज प्रत्येकाची वेगळी असते. आणि एवढं करूनही शंभरातली चार-पाचच बाळं त्या तारखेला येतात. ३७ आठवडे पूर्ण झाले की दिवस भरत आले म्हणायचं, ३९ ते ४१ च्या मध्ये आलं तर एकदम वेळेवर, आणि ४१ च्या पुढे गेलं तर डॉक्टर बारीक लक्ष ठेवतात, ४२ च्या पुढे सहसा जाऊ देत नाहीत.

पण हे नातेवाइकांना कोण सांगणार. त्यांनी तारीख ऐकली की कॅलेंडरवर गोल करून ठेवतात आणि त्या दिवशी सकाळी आठपासून फोन, "काय गं, झाली का सुटका?" माझी तारीख अनंत चतुर्दशीच्या आसपासची होती. तारीख उलटली तशी काकू, आत्या, सोसायटीतल्या आजी, इस्त्रीवाले काकासुद्धा विचारायला लागले. शेवटी फोन नवऱ्याकडे देऊन टाकला. तुला माझा सल्ला, कोणालाही नेमकी तारीख सांगू नकोस, "महिनाअखेरीला आहे" म्हणून मोकळी हो.

आता शरीराचं. ३६-३७ च्या सुमारास पोट खाली उतरतं, म्हणजे बाळाचं डोकं ओटीपोटात बसायला लागतं. पहिलटकरणीला हे आधी दोन-चार आठवडे होतं, दुसऱ्या वेळी कधीकधी कळा सुरू होईपर्यंत होतच नाही. खाली उतरलं की श्वास मोकळा होतो, जळजळ थोडी कमी होते, दोन घास जास्त जातात, पण त्याची किंमत म्हणजे दर अर्ध्या तासाने बाथरूम. आणि चालता चालता मध्येच खाली एकदम करंट लागल्यासारखी कळ जाते, जागच्या जागी उभं राहायला होतं. मला ती एकदा नळस्टॉपच्या सिग्नलला रस्ता ओलांडताना आली, मागचे दुचाकीवाले हॉर्न वाजवतायत आणि मी झेब्रा क्रॉसिंगवर पुतळा. ती काही सेकंदांत जाते, त्याचा अर्थ डिलिव्हरी सुरू झाली असा नसतो.

झोपेचं काही विचारू नकोस. कुशीवर झोपायचं, डावी उत्तम, उजवी पण चालते, फक्त उताणं झोपायचं नाही कारण पोटाचं वजन मागच्या मोठ्या रक्तवाहिनीवर येतं. रात्री जाग आली आणि उताणी सापडलीस तर घाबरायचं नाही, कूस बदलायची आणि परत झोपायचं. पायांमध्ये एक उशी, पोटाखाली एक छोटी उशी. पायात गोळे येतात, संध्याकाळी पाय सुजतात, चपला होत नाहीत, हे सगळ्यांचंच असतं. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या एकत्र घेऊ नकोस, मध्ये दोन-तीन तास ठेव, आणि लोहाच्या गोळीवर चहा तर अजिबात नको, ते लोह मग नीट अंगी लागत नाही. आपल्याकडे जेवण झालं की लगेच चहा पिणारे लोक आहेत म्हणून मुद्दाम सांगतेय.

मात्र काही गोष्टी अशा आहेत की ज्यात "बघू सकाळी" चालत नाही. चेहरा आणि हात अचानक सुजणं, थांबत नाही अशी डोकेदुखी, डोळ्यांसमोर चमकणं किंवा अंधुक दिसणं, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, ही वाढलेल्या बीपीची लक्षणं असू शकतात, १४० वर ९० किंवा त्याच्या पुढे असेल तर लगेच डॉक्टर. तळहात-तळपायांना पुरळ नसताना भयंकर खाज, विशेषतः रात्री, हे पण सांगायचं, त्यात यकृताचा त्रास असू शकतो आणि रक्ताची तपासणी करावी लागते, नुसतं खोबरेल चोळून बसायचं नाही. (तू काल पायाच्या खाजेचं म्हणालीस ना, पुरळ आहे का नुसती खाज ते बघ आणि आजच फोन कर डॉक्टरांना.) आणि पाळीसारखं लाल रक्त गेलं तर तडक हॉस्पिटल, फोनबिन वाटेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बाळाची हालचाल. बाकी सगळं विसरलीस तरी हे विसरू नकोस. आपल्याकडे सर्रास सांगतात की शेवटी शेवटी जागा कमी पडते म्हणून बाळ शांत होतं. हे साफ चूक आहे. जागा कमी होते म्हणून हालचालीचा प्रकार बदलतो, आधी लाथा मारायचं ते आता ढुशा देतं, वळतं, कोपर फिरवतं आणि आपल्याला पोटावर डोंगर सरकताना दिसतो, पण हालचाल कमी होत नाही, अगदी कळा सुरू झाल्यावरही नाही. मला मॅडमनी सांगितलेली पद्धत अशी, जेवण झालं की डाव्या कुशीवर पडायचं, मोबाईल बाजूला ठेवायचा आणि मोजायचं. दोन तासांत दहा हालचाली व्हायला हव्यात, बहुतेक वेळा त्याच्या खूप आधीच होतात. पण आकड्यापेक्षा मोठं म्हणजे तुझ्या बाळाचा रोजचा पॅटर्न. माझी संध्याकाळी सातनंतर उधळायची. त्याला कारण होतं, आम्ही एरंडवण्यात राहतो आणि म्हात्रे पुलाखाली नदीपात्रात ढोल पथकांची प्रॅक्टिस चालते, गणपतीच्या आधी जवळजवळ दोन महिने, रोज संध्याकाळी. पहिला टोल पडला की ही आत दचकायची आणि मग ताशा थांबेपर्यंत चालूच. पुण्यात राहून त्या आवाजाला मी आयुष्यभर शिव्या घातल्या पण त्या महिन्यात त्याचीच वाट बघायचे.

तर रोजच्या वेळेला रोजच्यासारखं हललं नाही तर उठायचं आणि जायचं. गोड खाऊन बघ, थंड पाणी पी, उद्या सकाळी बघू, असलं कोणी म्हटलं तरी रात्र काढायची नाही. ते घरी ठोके ऐकायचं मशीन मिळतं ऑनलाइन, ते घेऊ नकोस. ठोका ऐकू आला म्हणजे बाळ ठीक आहे असं नसतं, आणि कित्येकदा आपण ऐकतो तो आपलाच ठोका असतो. हॉस्पिटलवाले "परत आल्या का" म्हणून तोंड वाकडं करतील ही भीती असते, करू देत. मी रात्रीची गेले होते एकदा, सगळं ठीक निघालं, नाइटच्या सिस्टरनी चहा दिला आणि म्हणाल्या असंच येत जा, न येणाऱ्यांची काळजी वाटते आम्हाला.

तिथे गेलीस की एनएसटी, म्हणजे बाळाच्या ठोक्यांची तपासणी करतात. पोटाला दोन पट्टे बांधतात, एक बाळाच्या ठोक्यांचा आणि एक पोट किती कडक होतंय त्याचा, आणि हातात एक बटण देतात, बाळ हललं की दाबायचं. साधारण वीस मिनिटं. खोलीभर ते ठोके घुमत असतात, मिनिटाला ११० ते १६० च्या मध्ये असले की बरं, आणि हालचाल झाली की थोडे वाढायला हवेत. माझी नेमकी एनएसटीच्या वेळी झोपायची. सिस्टर पोटाला हात लावून हलवायच्या, "उठा बाई, आई बटण धरून बसलीये", शेजारच्या कॉटवरची एक जण हसून हसून बेजार, तिचाच पट्टा सरकला. बाळ झोपलेलं असेल तर वेळ वाढवतात, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. कागदाची पट्टी बाहेर येते त्यावरच्या रेघांचा अर्थ गूगलवर शोधत बसू नकोस.

कळांचं. खोट्या कळा आणि खऱ्या कळा यात फरक काय हे सगळ्या विचारतात. खोट्यांना ताल नसतो, आता आली, मग चाळीस मिनिटांनी, मग दहा मिनिटांनी, मग गायब. पाणी प्यायलं, कूस बदलली, चार फेऱ्या मारल्या की विरतात. पोट पुढूनच कडक होतं. खऱ्या कळा बऱ्याचदा पाठीतून, कमरेतून सुरू होऊन पुढे येतात, काहीही केलं तरी थांबत नाहीत, आणि त्यांच्यातलं अंतर कमी कमी होत जातं आणि जोर वाढत जातो. कळ चालू असताना तुला नीट बोलता येतंय का ही आईची परीक्षा, येत असेल तर अजून वेळ आहे. मॅडमचा हिशोब होता, पाच पाच मिनिटांनी कळ, प्रत्येक कळ मिनिटभराची, आणि असं तासभर चाललं की निघा. पण तुझ्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल, घर लांब असेल, आधीचं सिझर असेल किंवा दुसरी वेळ असेल तर आधीच निघायचं.

पाणी गेलं तर कळांची वाट बघायची नाही. सिनेमात दाखवतात तसा धो धो लोंढा दरवेळी नसतो, नुसती सारखी ओल जाणवते आणि लघवी आहे का पाणी तेच कळत नाही. पॅड लाव, किती वाजले ते बघ, रंग बघ. स्वच्छ किंवा फिकट पिवळसर असेल तरी फोन करून जायचंच, बहुतेकींना एका दिवसाच्या आत कळा सुरू होतात. हिरवट किंवा तपकिरी असेल तर बाळाने आत शी केलेली असू शकते, तेव्हा एक मिनिटही दवडायचं नाही. त्याआधी एखाद्या दिवशी चिकट, बुळबुळीत, जरासा लालसर स्राव जातो, तो मात्र फक्त तयारीचा भाग, त्याच्यानंतर तासाभरात कळा येतील किंवा आठवडाही जाईल.

आता आमच्याकडचा खरा तमाशा सांगते. तारीख चतुर्दशीच्या आसपास, म्हणजे दोन-चार दिवस पुढे गेलं की पितृपक्ष. हे आमच्या एका काकूंच्या लक्षात आलं आणि त्यांनी घरी येऊन प्रस्ताव मांडला की गौरी बसतात त्याच दिवशी सिझर करून घ्या, दिवस चांगला, लक्ष्मीच येईल. पत्रिका बघणाऱ्यांचा नंबरही आणला होता. मला तेव्हा ३८ आठवडेच झाले असते. मॅडमनी एका वाक्यात संपवलं, वैद्यकीय कारण नसेल तर ३९ च्या आधी बाळ काढायचं नाही, शेवटच्या आठवड्यांत मेंदू आणि फुप्फुसं तयार होत असतात, अशा बाळांना श्वासाचा त्रास होऊन काचेच्या पेटीत ठेवायची वेळ जास्त येते. गरज असेल तर सिझर जरूर करा, जीव वाचतात त्याने, पण मुहूर्तासाठी पोट कापणं मला आजही पटत नाही. लेक आली ती पितृपक्षातच. काकू बारशाला आल्या, दोन तोळ्यांच्या नाही पण चांदीच्या वाक्या घेऊन आल्या, आणि पूर्वज प्रसन्न आहेत म्हणाल्या.

तारीख उलटली की कळा आणायचे उपायही घरोघर तयार असतात. एरंडेल पिऊ नकोस, जुलाब होऊन अंगातलं पाणी जातं आणि ऐन वेळी ताकद राहत नाही. तुपाने वाट निसरडी होते हे खरं नाही, तूप पोटात जातं, तिकडे नाही, जास्त प्यायलीस तर फक्त वजन वाढेल. केशराने बाळ गोरं होतं हेही तसंच. खजूर खा खुशाल, साखरेचा त्रास नसेल तर. चालणं चांगलंच, पण पर्वतीच्या पायऱ्या चढायला लावणाऱ्यांना तूच नमस्कार कर, पडलीस तर कोण जबाबदार. ४१ झाले आणि काही नसेल तर डॉक्टर स्वतःच कळा आणायचं बघतात, जेल ठेवतात किंवा सलाइनमधून औषध देतात. त्याला कधी दीड-दोन दिवसही लागतात, घरच्यांना हे आधी सांगून ठेव नाहीतर चार तासांत "काय झालं, काय झालं" सुरू होतं.

रस्त्याचं प्लॅनिंग हा पुण्याचा स्पेशल विषय. माझं माहेर शनिवारात. पहिलं बाळंतपण माहेरी हे ठरलेलंच, पण विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोड, टिळक रोड, कुमठेकर, केळकर सगळं बंद, मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते, आणि आमचं हॉस्पिटल नदीच्या अलीकडे कोथरूडच्या बाजूला. आई म्हणाली अ‍ॅम्ब्युलन्सला गर्दी वाट देते, आणि देतात खरंच, पण म्हटलं परीक्षा कशाला. शेवटी गौरी जेवल्या, आईने विसर्जन उरकलं आणि तीच बॅग घेऊन आमच्याकडे राहायला आली. आजीला हे आवडलं नाही पण ती गप्प बसली. तुझं बाणेरचं असलं तरी संध्याकाळी सहा ते नऊ युनिव्हर्सिटी चौकाचा भरवसा धरू नकोस, दोन रस्ते ठरवून ठेव आणि एकदा नवऱ्याला ऐन ट्रॅफिकमध्ये गाडी चालवून बघू दे. १०८ नंबर फोनमध्ये सेव्ह कर, गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात न्यायला १०२ पण असते.

बॅग ३६ लाच भरून दाराशी. फाइल सगळ्यात वर, ब्लड ग्रुपचा रिपोर्ट, सोनोग्राफ्या, माता-बाल संरक्षण कार्ड असेल तर ते, दोघांची आधार कार्डं, इन्शुरन्सचे कागद. कॅशलेस असेल तर आधीच डेस्कवर जाऊन विचार, कळा देताना नवऱ्याने फॉर्म भरत बसणं काही मजेचं नाही. पुढून उघडणारे गाऊन, मोठे पॅड, लांब वायरचा चार्जर. बाळासाठी आजीच्या जुन्या सुती साड्यांची दुपटी, धुऊन धुऊन मऊ झालेली, दुकानातल्या त्या कडक सेटपेक्षा शंभर पटीने बरी, नवीन झबली असतील तर एकदा धुऊन घे. आणि घरच्यांना आत्ताच सांग की पहिलं चिकाचं दूध पिळून टाकायचं नाही, तेच बाळाला द्यायचं, आणि मध चाटवायचा नाही, वर्षाच्या आत मध धोक्याचा असतो. हे भांडण तिथे हॉस्पिटलमध्ये करायला अंगात जोर नसतो.

सुट्टीचं विचारलं होतंस. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे मिळतात, त्यातले जास्तीत जास्त आठ तारखेच्या आधी घेता येतात. पण आधी घेतलेले नंतरचे कमी होतात, म्हणून हिंजवडीतल्या निम्म्या पोरी ३८ व्या आठवड्यात पण लॅपटॉप पोटावर ठेवून मीटिंगा घेतात. मी पण तेच केलं, पण शेवटचे दोन आठवडे मात्र बंद, आणि ते घेतले म्हणून बरं झालं. दुपारी नुसतं लोळायचं, फ्रीजमधले डबे उगाच पुसायचे, कपाट लावायचं, रडू आलं तर रडायचं. रडू येतं, विनाकारण येतं, नवऱ्याने भाजीत मीठ कमी घातलं म्हणून पण येतं. मात्र रोजच उदास वाटत असेल, झोप लागतच नसेल, बाळाबद्दल काहीच वाटेनासं झालं असेल तर डॉक्टरांना सांग, किंवा टेली मानसचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

नाव ठरलं नाही म्हणून टेन्शन घेऊ नकोस. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला लागते, ती हॉस्पिटलकडून महापालिकेत जाते, नाव नंतर घालता येतं. फक्त आईबापाच्या नावांचं स्पेलिंग आधार कार्डाशी जुळतंय ना ते सही करायच्या आधी बघ, नंतर दुरुस्तीला फेऱ्या मारायला लागतात.

आणि अंगठ्या आत्ताच काढून ठेव, बोटं सुजली की साबण लावूनही निघत नाहीत आणि मग कापायला लागतात. नेलपेंट पण काढ, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघतात तेव्हा अडचण होते.